एमिल व्होटावाची पहिली बंदूक

वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी आयुष्यातली पहिली बंदूक विकत घ्यायची म्हणून एमिल व्होटावा घराबाहेर पडला, तेव्हा त्याने सगळ्यात आधी टोपी बदलली. रोजच्या टोपीवर गावातल्या धान्याच्या कोठाराचं नाव होतं. ते वाचून म्हातारा कुठला हे कुणालाही कळलं असतं, मग कुणीतरी कुणाला तरी फोन केला असता आणि सगळंच बोंबललं असतं. म्हणून मुलाने डेन्व्हरहून पाठवलेली, आजवर खुंटीवरच राहिलेली निळी टोपी त्याने चढवली, टिलीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं, "आलोच" असं तिला सांगितलं आणि तो पिकअपमध्ये जाऊन बसला.

पहिली बंदूक हे अर्थातच धडधडीत खोटं. एमिलने नवव्या वर्षी बापाच्या बारा बोअरच्या बंदुकीने पहिला फेझंट, म्हणजे तिकडचा रानकोंबडा, पाडला होता. दक्षिण डकोटाच्या त्या भागात पोराला मिसरूड नंतर फुटतं, बंदूक आधी मिळते. पुढे कितीतरी वर्षं उन्हाळ्याच्या सुट्टीत गावच्या शाळेत पोरांना बंदूक कशी धरायची, कशी उघडायची आणि कुठे म्हणून रोखायची नाही, हे शिकवायचं काम एमिलकडेच होतं. आईबाप विचारायचे, "आमच्या पोरीला पहिली कोणती घ्यावी?" तर तो म्हणायचा, "खांद्याला बसेल ती. बाकीचं सगळं दुकानदाराचं पोट." अशा माणसाच्या घरात आज एकही बंदूक नव्हती. होत्या त्या सगळ्या लायल होफरच्या तळघरात, कुलपात पडल्या होत्या.

त्या तिथे कशा गेल्या ते आधी सांगितलं पाहिजे. जानेवारीत एमिलची बायको व्हर्ना गेली. पुढच्या महिन्यात एका सकाळी लायल, म्हणजे शेजारच्या शेतावरचा, शाळेपासूनचा दोस्त, सहज डोकावला. एमिल यंत्रांच्या शेडमध्ये उलट्या बादलीवर बसलेला होता आणि मांडीवर बंदूक होती. शेडमध्ये शेगडी नाही, आणि बाहेर हाडं फुटतील अशी थंडी.

"काय करतोयस?" लायलने विचारलं.

"साफ करतोय," एमिल म्हणाला.

आजूबाजूला ना तेल होतं, ना फडकं. पण लायल पुढे काही बोलला नाही. त्या बाजूची माणसं अशा वेळी बोलतच नाहीत. हवामान, मक्याचा भाव आणि गुडघेदुखी यांपलीकडचा विषय काढायचा म्हणजे त्यांच्या अगदी जिवावर येतं. तो एवढंच म्हणाला, "आण इकडे, मीच करून देतो. माझ्याकडे नवीन तेल आलंय." मांडीवरची त्याने उचलली, घरात जाऊन कपाटातल्या बाकीच्याही काढल्या, चादरीत गुंडाळल्या आणि गाडीत ठेवल्या. एमिलने त्याच्यासाठी दार उघडून धरलं. तिकडे याला बंदुका साफ करायला नेणं म्हणतात. कुणी नेल्या, का नेल्या हे कुणी विचारत नाही, आणि वसंतात माणूस सावरला की त्या तशाच मुकाट्याने परत येतात.

ही रीत एमिलला ठाऊक नव्हती असं नाही. फार वर्षांपूर्वी तो आणि लायल मिळून नॉर्बर्ट नावाच्या दोस्ताकडे असेच जाणार होते. नॉर्बर्टचं काही खरं नव्हतं, हे दोघांनाही दिसत होतं. पण कापणी ऐन भरात होती, म्हणून दोघे म्हणाले, एवढी कापणी आटपू दे. कापणी आटपली तेव्हा दोघे नॉर्बर्टची शवपेटी उचलत होते. त्यानंतर एमिल शाळेतल्या पोरांना दरवर्षी बजावायचा, "समोरच्याबद्दल शंका आली ना, तर बंदूक तुमच्या हातात राहू दे. तो रागावला तर रागावू दे."

तर वसंत आला आणि गेला. मका पेरून झाला, डोक्याच्या वर गेला, वाळायला लागला. एमिलच्या बंदुका काही परत आल्या नाहीत. लायलने विषय काढला नाही, एमिलनेही मागितल्या नाहीत, कारण मागायच्या म्हणजे त्या साफ करायला नेल्या नव्हत्या हे कबूल करणं आलं. आणि एमिल तर त्या दिवशी बंदूक साफच करत होता. असं त्याने स्वतःला इतक्यांदा सांगितलं होतं की आता ते त्याला खरं वाटायला लागलं होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशातली गत. चर्चच्या दारात, कॉफीच्या टेबलावर, सगळीकडे लोक त्याच्याशी हळू आवाजात बोलायचे. त्याला ते सहन व्हायचं नाही. आपण आजारी पोर झालोय असं त्याला वाटायचं, आणि त्यात चूक काही नव्हतं.

तरी त्याने आणखी एक हिवाळा तसाच काढला असता. पण टिलीचे हाल सुरू झाले.

टिली म्हणजे व्हर्नाची काळी लॅब्रॅडॉर. शिकारीला एमिलबरोबर जायची, पण झोपायची व्हर्नाच्या पायांवर. व्हर्ना गेल्यावर ती कितीतरी दिवस झोपायच्या खोलीच्या दाराशी नाक लावून बसायची. आता तिच्या पोटात गाठ झाली होती. गुरांचा डॉक्टर बघून गेला होता. वेळ आली की घेऊन या, एवढंच तो म्हणाला. वेळ कालच आली होती. तिने पाणी सोडलं होतं, हात लावला की कण्हत होती. पण कुत्र्याला गाडीत घालून दीड तासावर न्यायचं, तिथे थंडगार टेबलावर परक्याच्या हाती द्यायचं, हे एमिलच्या घराण्यात कधी झालं नव्हतं. ज्याने खाऊ घातलं त्यानेच शेवट करायचा, हे त्याला बापाने शिकवलं होतं. आजवरच्या सगळ्या कुत्र्यांचा शेवट त्याने स्वतःच्या हाताने केला होता, आणि प्रत्येक वेळी नंतर गोठ्यामागे जाऊन रडला होता. त्यासाठी बंदूक मात्र लागते.

आधी, कालच, तो गावातल्याच जीनच्या दुकानात गेला होता. जीन त्याचाच विद्यार्थी. "यंदा मालच आला नाही बघा, मिस्टर व्होटावा," जीन म्हणाला. त्याच्या मागे भिंतभर बंदुका लावलेल्या होत्या. "मग त्या?" एमिलने विचारलं. "त्या... बोलून ठेवलेल्या आहेत," जीन म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले. एमिलने वाद घातला नाही. म्हणून आज ही निळी टोपी आणि तासाभराचा रस्ता.

परगावच्या त्या दुकानात गर्दी होती. शनिवारी फेझंटचा हंगाम उघडणार, त्यामुळे नारिंगी टोप्या, नारिंगी जाकिटं, काडतुसांचे डबे असा सगळा बाजार भरलेला. एमिलच्या आधीचा माणूस फॉर्म भरून, गुन्ह्यांच्या नोंदी तपासायचा फोन होऊन, बंदूक खांद्यावर टाकून शीळ घालत गेला. काउंटरमागे ट्रेंट नावाचा दाढीवाला तरुण होता. नाव शर्टावर होतं.

"बोला सर, काय दाखवू?"

"बंदूक घ्यायचीय. छऱ्याची."

"घरात आधी आहे एखादी?"

"नाही. पहिलीच. शहरात राहत होतो इतके दिवस." हे वाक्य एमिलने गाडीत घोकलं होतं.

"आणि घ्यायची कशासाठी? पक्षी, नेमबाजीच्या मातीच्या तबकड्या, का घराच्या रक्षणासाठी?"

याचं उत्तर मात्र त्याने घोकलेलं नव्हतं. "तिन्हीसाठी," तो म्हणून गेला.

ट्रेंटला तेवढंच हवं होतं. "हे कसं बोललात! लोक उगाच तीन-तीन घेतात आणि तिन्ही कपाटात कुजतात. ही बघा, बारा बोअर, पंपाची. पुढची मूठ मागे ओढायची, पुढे ढकलायची, की दुसरं काडतूस आत. चिखलात पडू द्या, पावसात भिजू द्या, हिची कुरकुर नाही. हिच्याबरोबर नळ्या दोन. लांब नळी पक्ष्यांना आणि तबकड्यांना, निशाणा छान फिरतो. आखूड नळी घरात, कारण लांब असली की बोळातल्या भिंतींना आपटते. बदलायला स्क्रू ड्रायव्हरसुद्धा लागत नाही."

"असं का?" एमिल म्हणाला.

"खांद्याला धक्का नको असेल तर वीस बोअर देतो. पण तुमची अंगकाठी बघता बाराच घ्या. हलके छरे वापरले की बारासुद्धा गरीब गाय होते."

हे सगळं एमिलने आजवर शेकडो पोरांना सांगितलेलं होतं, आणि निम्म्या शब्दांत. पण तो नव्या सुनेसारखा मान खाली घालून ऐकत राहिला. दोनदा दुरुस्ती ओठांवर आली, ती त्याने गिळली. टिलीला सोडून निघाल्याला किती वेळ झाला असेल, एवढंच त्याच्या मनात चाललं होतं.

"घरात कोण कोण असतं, सर? पोरंबाळं असली तर कुलूप वेगळं देतो."

"कुणी नाही. मी आणि कुत्री."

"कुत्री आहे? मग अर्धी राखण फुकटातच झाली की."

"ती आता उठत नाही," एमिल म्हणाला.

ट्रेंटने "च्च" केलं आणि बंदूक त्याच्या हातात दिली. इथे एमिलच्या हातांनी त्याचा घात केला. त्याने काही ठरवायच्या आतच नळी छताकडे गेली, मूठ मागे आली, करंगळी आत जाऊन काडतुसाची जागा चाचपून आली, बंदूक खांद्यात बसली आणि गाल दस्त्याला टेकला. उडत्या पक्ष्यावर धरतात तसा, छताला टांगलेल्या पेंढा भरलेल्या बदकाच्या चोचीपुढे हातभर अंतर ठेवून निशाणा थांबला. आठ महिन्यांनी हातात बंदूक आली होती. क्षणभर त्याला फार बरं वाटलं.

"पहिलीच म्हणालात ना?" ट्रेंटने विचारलं.

"सिनेमात बघितलंय," एमिल म्हणाला.

ट्रेंट हसला. पण हसून झाल्यावर तो एमिलकडे जरा जास्त वेळ बघत राहिला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं एमिलला त्या बघण्यात सगळं काही दिसायला लागलं. तरी ट्रेंटने फॉर्म काढला, पेन दिलं. "काडतुसं कोणती देऊ? पक्ष्यांची बारीक का घरासाठी जाड छऱ्यांची?"

"जाड."

"एक डबा पुरेल?"

"सुटं मिळतं का?" एमिल म्हणाला. "मला एकच हवंय."

एमिल जन्मभर सुटे खिळे आणि सुटे नट घेत आलेला माणूस. चेक वंशाच्या आईच्या हाताखाली वाढलेल्या त्या घरात गरजेपेक्षा जास्त आणणं म्हणजे जवळजवळ पाप होतं. काम एका काडतुसाचं, तर एक घ्यावं, एवढा सरळ हिशेब त्याच्या तोंडून बाहेर पडला. पडल्यावर मात्र आपण काय बोललो हे त्याला कळलं. ट्रेंटलाही कळलं होतं. त्याने तळहात बंदुकीवर ठेवला आणि ती हळूच आपल्या बाजूला ओढली.

"सर, आज नाही जमणार. तपासणीची लाईन लागत नाहीये."

"मघाशी त्या माणसाची तर लागली."

"आत्ताच गेली."

"अरे बाबा, कुत्रीसाठी पाहिजे मला. म्हातारी झालीय, गाठ आहे पोटात. हाल होतायत तिचे."

"असतील, सर." ट्रेंटचा आवाज एकदम हळू झाला. चर्चच्या दारात लोकांचा होतो तसाच. "बसा ना जरा. कॉफी आणतो. तुमच्या घरी कुणाला फोन करू का?"

"घरात कुणी नाही हे आत्ताच नाही का सांगितलं तुला?" एमिल म्हणाला.

मागे रांगेतले लोक वळून बघायला लागले होते. एमिलने पेन काउंटरवर ठेवलं आणि तो चालायला लागला. ट्रेंट काउंटरमागून निघून दारापर्यंत त्याच्या मागे आला, "सर, थांबा ना, सर," म्हणत राहिला. त्या पोराचं काहीएक चुकलं नव्हतं. एमिलच्या वर्गात असता तर एमिलने त्याची पाठ थोपटली असती. आणि नेमका म्हणूनच एमिलला त्याचा असा संताप आला की पिकअपची किल्ली भोकात जाईना.

घरी आला तेव्हा टिली पांघरुणातून सरकत दारापर्यंत आलेली होती. मागचे पाय ओढत आली असणार. त्याची चाहूल लागल्यावर तिची शेपटी फरशीवर एकदा आपटली. एमिल तिच्याजवळ खाली बसला. हाडं कुरकुरली, पण बसला. तिच्या कपाळावर हात ठेवला तर ती कण्हली, काढला तर तिने डोळे उघडून हात शोधला. त्याने व्हर्नाला हाक मारली. मोठ्याने मारली, आणि मग स्वतःचाच आवाज ऐकून तो गप्प झाला. आपल्या मानापायी ही अख्खा दिवस तळमळली, हे त्याला तिथे बसल्या बसल्या स्वच्छ कळलं, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

उठून त्याने लायलला फोन लावला.

"लायल, टिलीचं संपत आलंय. माझी बंदूक घेऊन ये."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग लायल म्हणाला, "मी येतो. मीच करतो, एमिल. तू आत बस."

"तुझी कुत्री आहे का ती?"

"तसं नाही रे. डॉक्टरला विचारून बघू का? माझ्या गाडीतून नेऊ दोघे मिळून."

"ती दारापर्यंतसुद्धा धड येऊ शकत नाही. लायल, मला बघवत नाही." एमिलने दाराकडे पाठ केली. "काल रात्रीपासून कण्हतेय."

फोनवर लायलची बायको जॉनेल काहीतरी म्हणाल्याचं ऐकू आलं. "आलो," लायल म्हणाला.

लायल आला तो घाईत. हंगामासाठी शहरातून येणाऱ्या भाच्यांची सोय करता करता तसाच उठून आलेला, बोटांना अजून रंग लागलेला. एमिलच्या बापाची जुनी बारा बोअर त्याने मागच्या सीटवरून काढली, पण लगेच हातात दिली नाही. काखेत धरून तो अंगणात उभा राहिला.

"ही टोपी कुठली रे?" लायल म्हणाला. "डेन्व्हरला जाऊन आलास की काय?"

"बंदूक घ्यायला गेलो होतो."

"मिळाली?"

"नाही."

"बरं झालं," लायलच्या तोंडून निसटलं, आणि दोघे जमिनीकडे बघायला लागले.

"आठ महिने झाले साफ करतोयस," एमिल म्हणाला. "किती घासतोस?"

"गंज फार निघाला."

एरवी यावर दोघे हसले असते. आज कुणी हसलं नाही. लायलने गाडीतून फावडं काढलं आणि ते आत गेले.

व्हर्नाच्या गोधडीची चार टोकं धरून त्यांनी टिलीला घरामागे नेलं. वारा अडवायला लावलेल्या झाडांची तिथे रांग होती आणि तिच्या पायथ्याशी आधीची सगळी कुत्री पुरलेली होती. जमीन अजून गोठलेली नव्हती. लायलने खड्डा खणला. तोवर एमिल तिच्याजवळ बसून तिला जुन्या गोष्टी सांगत होता. त्या पाणथळीत पडलेला कोंबडा तिने कसा आणला होता, आणि व्हर्नाचा केक कसा चोरला होता. खिशातून त्याने हॅमचा तुकडा काढून तिच्या नाकाशी धरला. तिने वास घेतला आणि मान वळवली.

"झालं," लायल म्हणाला. फावडं झाडाला टेकवून त्याने बंदूक उघडून एमिलकडे दिली. मग शर्टाच्या खिशात बोटं घालून काडतूस काढलं. एकच आणलं होतं. एमिलने ते पाहिलं, आणि आपण पाहिल्याचं लायलने पाहिलं.

"मागे हो," एमिल म्हणाला.

"इथे बरा आहे मी."

तो हात लांब केला तर पोचेल इतक्या अंतरावर उभा होता. त्याचा श्वास एमिलला कानामागे ऐकू येत होता. तो तिथे का उभा आहे हे एमिलला चांगलं माहीत होतं, कारण लायलच्या जागी तो असता तर तोही तिथेच उभा राहिला असता. त्याने बोलणं सोडून दिलं. वाकून टिलीच्या कानाशी तो म्हणाला, "शहाणी माझी बाई ती." मग उभा राहिला, आणि जे करायचं ते त्याने नीट केलं. तिला काही कळलं नाही. मक्याच्या शेतातून दोन फेझंट कलकलाट करत उठले आणि लांब जाऊन बसले.

एमिलने बंदूक उघडली. रिकामं काडतूस गवतात पडलं. आत बोट घालून जागा रिकामी आहे ना ते त्याने चाचपलं. हात थरथरत नव्हते. मग दोघांनी मिळून तिला गोधडीसकट खाली ठेवलं आणि माती लोटली. लायल सतत नाक पुसत होता आणि थंडीला शिव्या देत होता. थंडी एवढी काही नव्हती.

माती चोपून झाल्यावर लायल फावड्यावर रेलून उभा राहिला. त्याला बोलायचं होतं, आणि बोलायची सवय नव्हती.

"चुकलंच माझं, एमिल. मे महिन्यातच आणून द्यायला हव्या होत्या. जॉनेल कितीदा म्हणाली. मीच भ्यालो. नॉर्बर्टचं तुला ठाऊक आहे. मला वाटायचं, आणखी एक आठवडा जाऊ दे, आणखी एक जाऊ दे." तो थांबला. "आत्ता तुला बघितलं. माझाच हात कापला असता, तुझा नाही कापला. ही ठेव तुझ्याकडे. बाकीच्या उद्या सकाळी आणून देतो. आणि शनिवारी आमच्याबरोबर चल. त्या भाच्यांना कोणीतरी दोन शब्द सुनावणारा पाहिजेच आहे."

आठ महिने एमिलला हेच ऐकायचं होतं. चर्चमध्ये, कॉफीच्या टेबलावर, रात्री छताकडे बघत त्याने हे वाक्य लायलच्या तोंडी कितीदा घातलं होतं, आणि त्यावर आपण काय टोमणा मारायचा तेही ठरवून ठेवलं होतं. आता त्याने नुसती मान हलवली. लायलने त्याच्या खांद्यावर थापटलं आणि फावडं घेऊन तो गाडीकडे गेला. एमिल बंदूक हातात घेऊन उभा राहिला आणि त्याने घराकडे बघितलं.

घरात आता श्वास घेणारं काही उरलं नव्हतं. दार उघडलं तर कुणी मान वर करणार नव्हतं. जेवताना कुणी पायाशी येऊन बसणार नव्हतं. याचं त्याला रडू यायला हवं होतं. नेहमी यायचं. पण रडू आलं नाही. आतून कसं हलकं आणि शांत वाटायला लागलं, सगळी कामं उरकल्यावर वाटतं तसं. ही शांतता त्याच्या ओळखीची होती. फेब्रुवारीत शेडमध्ये बादलीवर बसला होता तेव्हा ती अशीच आली होती, आणि तेव्हा ती वाईट वाटली नव्हती, चांगली वाटली होती. हे त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. एमिल भ्याला. आयुष्यात कधी भ्याला नव्हता इतका भ्याला.

लायलने गाडी सुरू केली होती. एमिल जवळजवळ धावतच गेला, मागचं दार उघडलं आणि उघडी बंदूक सीटवर ठेवून दिली.

"अरे, हे काय?" लायल मागे वळून म्हणाला. "ठेव म्हटलं ना तुझ्याकडे."

"घेऊन जा."

"एमिल, मी मनापासून सांगतोय. मला काही शंका नाही आता."

"मला आहे," एमिल म्हणाला. "आज नको. हा हिवाळाही नकोच बहुतेक." त्याने गाडीच्या टपावर हात टेकला. "फेब्रुवारीत तू आलास ते बरं केलंस, लायल. आणखी उशिरा आला असतास तर मी नसतो."

लायलने गाडी बंद केली. त्याने काचेवरचा रंगाचा डाग नखाने खरवडला. हवामान आणि मक्याचा भाव सोडून काय बोलतात ते त्याला येतच नव्हतं.

"जॉनेलने काड्यांना टोचून मटणाचे तुकडे भाजलेत," तो शेवटी म्हणाला. "ढीगभर. चल जेवायला."

एमिलने हातांकडे बघितलं. नखांत माती होती. "हात धुऊन येतो घरातून."

"आमच्याकडेही नळ आहे," लायल म्हणाला.

एमिल गाडीला वळसा घालून दुसऱ्या दारापाशी गेला आणि आत बसला.